थकबाकी आणि येणे बाकी

थकण्याच्या बाबतीत मी कोणाला हार जाणारा माणूस नाही. काही माणसं काम करून थकतात, काही काम नसल्यामुळे थकतात. मला दोन्ही जमतं. बँकेत बावीस वर्षं कारकुनी केल्यावर एवढं कसब अंगी येतंच. रोज सकाळी मी बोरिवलीहून विरार लोकलमध्ये बसतो. लोकलमध्ये 'बसतो' हे वाचून काही भुवया वर जातील, पण माझी शाखा वसईला आहे आणि सकाळच्या वेळी मी साऱ्या मुंबईच्या उलट दिशेनं जातो. जगाच्या विरुद्ध जाण्याचा एवढा एकच पराक्रम माझ्या खात्यावर जमा आहे. तर मी बसतो, आणि भाईंदर सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली की दिवसाची पहिली जांभई देतो. सकाळी साडेनऊला जांभई देणाऱ्या माणसाकडून देशाच्या अर्थव्यवस्थेनं फार अपेक्षा ठेवू नयेत.

त्यातून नोव्हेंबर. इतरांना नोव्हेंबर म्हटला की थंडीची चाहूल वगैरे लागते. बँकवाल्याला तो हयातीच्या दाखल्याचा महिना. सरकारी पेन्शनरांनी १ ते ३० नोव्हेंबरच्या दरम्यान आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं असतं. ऐंशी उलटलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच ही मुभा आहे. त्या वयात जिवंत असण्याची जरा घाईच असते, हे सरकारलाही कळतं. आता हा दाखला घरबसल्या मोबाईलला चेहरा दाखवूनही देता येतो. पण आमच्या बऱ्याच पेन्शनरांना आपण असल्याची बातमी काउंटरवरच्या माणसाच्या तोंडून ऐकायची असते. मग यंत्र नेमकं अंगठा ओळखत नाही. चाळीस वर्षं खडू धरलेल्या एका मास्तरांचा अंगठा तीनदा नाकारला गेला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे मी गेलो का?" मी म्हटलं, "नाही हो सर, सर्व्हर गेलाय."

२०२५ साली ३० नोव्हेंबर रविवारी आला. म्हणजे सगळी गर्दी शनिवारी २९ तारखेला, आणि तो महिन्यातला पाचवा शनिवार, त्यामुळे बँक चालू! संध्याकाळी शेवटचे आजोबा जिवंत ठरून बाहेर पडले तेव्हा माझ्या स्वतःच्या हयातीबद्दल मला शंका येऊ लागली होती. तेवढ्यात आमच्या हेडकॅशियर मॅडमनी टेबलाखालून एक पिशवी काढली. त्या मूळच्या वसईच्याच ख्रिस्ती. पिशवीत हिरव्या पानांचं एक गोल कडं होतं आणि त्यात चार मेणबत्त्या खोचलेल्या.

"उद्यापासून आमचा आगमनकाळ सुरू," त्या म्हणाल्या. "चार रविवार, चार मेणबत्त्या. दर रविवारी एक वाढवायची."

मी पाहिलं. तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि एक गुलाबी. माझ्या कारकुनी डोळ्याला ती सरळसरळ पोस्टिंगची चूक वाटली. "दुकानात जांभळ्या संपल्या होत्या का?"

मॅडम हसल्या. सकाळपासून त्यांनीही माझ्याएवढीच माणसं पाहिली होती, शिवाय कॅश मोजली होती. तरी हसल्या, याचीच मला नोंद घ्यावीशी वाटली. "ती तिसऱ्या रविवारची. आनंदाची."

नाताळ आपल्याला केकमुळे माहीत असतो. त्याआधीचा हा महिना माहीत नसतो, कारण त्यात खायला काही नसतं. नाताळपूर्वीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो. वार कसे पडतात त्याप्रमाणे तो २२ ते २८ दिवसांचा असतो. हा सणाचा काळ नव्हे, सणाची वाट पाहण्याचा काळ. जुन्या काळी तो चांगलाच कडक होता. सहाव्या शतकात, आजच्या फ्रान्सच्या मुलखात, ११ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास करत. जांभळा रंग त्या पश्चात्तापाचा. मेणबत्त्यांचं कडं मात्र बरंच अलीकडचं. जर्मनीत हाम्बुर्ग इथे अनाथ मुलांचा सांभाळ करणारे योहान विशर्न नावाचे पाद्री होते. 'नाताळ कधी, नाताळ कधी' म्हणून मुलं भंडावून सोडत, तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीच्या लाकडी चाकावर रोजची एक छोटी आणि रविवारची एक मोठी मेणबत्ती लावायला सुरुवात केली. म्हणजे मूळ कल्पना आमच्या टोकन पद्धतीचीच: किती नंबर पुढे आहेत हे दिसलं की माणूस कमी ओरडतो.

आमच्या घरी हा प्रकार अगदीच परका नव्हता. त्याच सुमारास आमच्या सौभाग्यवतींचे मार्गशीर्षातले गुरुवार चालू होते. तेही त्या वर्षी चारच. पण आमच्या चार गुरुवारांत एकही गुलाबी नव्हता.

याला कारण होतं. ऑगस्टमध्ये आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ब्याऐंशी. शस्त्रक्रिया झाली, ती उत्तम झाली असं डॉक्टर म्हणाले. पण शस्त्रक्रिया उत्तम होणं आणि माणूस उठून चालणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत, हे बिल भरल्यावर कळलं. आई खाटेवर. रात्री एक ते चार माझी पाळी, चार ते सात सौ.ची. तिनं हाक मारली की उठायचं, आणि नाही मारली की 'का मारत नाही' म्हणून उठायचं. ऑक्टोबरात तिच्या फॅमिली पेन्शनचा दाखला मी घरीच मोबाईलवर काढला. मी म्हटलं, "आई, डोळ्यांची उघडझाप कर." तिनं केली. मग छताकडे बघत विचारलं, "झालं का सिद्ध?" मी हो म्हटलं. तिनं डोळे मिटून घेतले.

तेव्हापासून घरात एक शब्द राहायला आला होता, तो म्हणजे 'मग'. दिवाळीचा फराळ? आई बरी झाली की मग. धाकटीच्या शाळेचं स्नेहसंमेलन? आई हिंडू-फिरू लागली की मग. एकदा टीव्हीवर काहीतरी पाहून मला खदखदून हसू आलं, तर मी ते उशीत दाबलं. कोणी मना केलं नव्हतं. पलीकडच्या खोलीत आई पडलेली असताना आपण हसणं हे मलाच अफरातफरीसारखं वाटलं.

इथे माझ्या बी.कॉम.ची थोडी मदत घेतो. पदवीचा असा उपयोग क्वचितच होतो. हिशेबशास्त्रात सावधगिरीचं एक तत्त्व आहे. त्याचा मथितार्थ असा की होऊ शकेल अशा प्रत्येक तोट्याची आधी तरतूद करा, पण नफा हातात पडेपर्यंत तो धरू नका. हे तत्त्व कोणी लिहिलं असेल ते असो, पाळलं ते मराठी मध्यमवर्गानं. आपण फार हसलो तर 'आता रडायची वेळ येणार' म्हणून लगेच तरतूद करतो. नवी गाडी घेतली की आधी तिला लिंबू-मिरची. कोणी 'कसं काय' विचारलं तर 'चाललंय' म्हणतो. 'छान' म्हणालो तर नफा जाहीर केल्यासारखं होईल आणि देव कर लावील, ही भीती.

आणि आमच्या बँकेत याच्याही पुढचा नियम आहे. कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की ते खातं अनुत्पादक ठरतं. मग त्यावरचं व्याज उत्पन्न म्हणून धरायचं नाही. रोख हातात पडेल तेव्हाच. मराठीत कर्जही थकतं आणि माणूसही थकतो, हा योगायोग नसावा. ऑगस्टपासून मोजलं तर नोव्हेंबरच्या मध्याला आमचे नव्वद दिवस भरले होते. मी मनोमन घराचं खातं अनुत्पादक करून टाकलं होतं. आनंद धरायचा नाही.

मॅडमचं म्हणणं या सगळ्याच्या विरुद्ध जात होतं. मी त्यांना गुलाबी मेणबत्तीचं कारण विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की तिसऱ्या रविवारच्या मिस्साचा लॅटिनमधला पहिला शब्द आहे 'गौदेते', म्हणजे आनंद करा. तो सेंट पॉलच्या पत्रातून घेतला आहे. हे पत्र त्यांनी फिलिप्पी शहरातल्या मंडळींना लिहिलं ते तुरुंगातून. आणि एकदा सांगून भागेना म्हणून लगेच दुसऱ्यांदा सांगितलं.

"पण आनंद असा सांगून होतो का?" मी म्हटलं. "परिपत्रक काढून?"

ही शंका मला खरीच होती, आणि ती भाषेचीही आहे. मराठीत आपण काळजी करतो, चिंता करतो, दुःख करतो. आनंद मात्र आपण करत नाही. आपल्याला आनंद होतो. म्हणजे दुःख ही आपली मेहनत आणि आनंद हा अपघात. सर्दी झाली, तसा आनंद झाला. मग 'आनंद करा' हा हुकूम पाळायचा कसा?

मॅडम म्हणाल्या, "चौदा तारखेला रविवारी या ना घरी. तेरा तारखेचा दुसरा शनिवार आहे, जरा झोप पण झालेली असेल तुमची."

सौ. म्हणाली, "जा. मी आहे." ज्या स्वरात ती हे म्हणाली त्या स्वरात माणूस जाऊही शकत नाही आणि राहूही शकत नाही. पण मी गेलो.

केळीच्या बागेतून जाणारी वाट, पुढे पांढरं चर्च. मराठीत मिस्सा चालू होता. फादर गुलाबी झगा घालून उभे. हा झगा वर्षातून दोनच दिवस निघतो, तिसऱ्या आगमन-रविवारी आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी. त्यामुळे तो कोरा करकरीत होता आणि फादर त्यात किंचित लाजल्यासारखे दिसत होते. आधी यशयाच्या ग्रंथातला एक उतारा वाचला: वाळवंट फुलेल, लटपटणारे गुडघे बळकट होतील, लंगडे उड्या मारतील. माझ्या डोळ्यांसमोर आईचा खुबा आला आणि मी खाली फरशीकडे पाहू लागलो. नंतर मत्तयच्या शुभवर्तमानातला प्रसंग आला. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे. ज्याची वाट पाहायला त्यानं साऱ्या लोकांना शिकवलं, त्याच्याचकडे तो आता निरोप पाठवून विचारतो की, येणारा तो तूच, की आम्ही आणखी कोणाची वाट पाहायची?

मी चमकलो. आनंदाच्या रविवारी हे? तुरुंगातला एक थकलेला माणूस, आणि त्याची खात्रीही डळमळलेली! मला वाटलं होतं की आज सगळे हसरे उतारे असतील. इथे तर थकबाकी लपवलेली नव्हती, पहिल्याच पानावर दाखवली होती.

मिस्सानंतर मॅडमच्या घरी गेलो. घरात नाताळच्या फराळाचा धडाका चालू होता. फोर्कच्या दात्यांवर पिठाच्या गोळ्या वळून केलेले कलकल, आणि परातभर करंज्या. थेट आपल्या करंज्या. टेबलावर तेच कडं, त्यात दोन जांभळ्या आणि एक गुलाबी पेटलेली, चौथी कोरी. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत मॅडमच्या सासूबाई बसल्या होत्या. मॅडमनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. त्यांनी वर बघून विचारलं, "तू कोण गो?"

"मी तुमची सून, आई."

"बरं," त्या म्हणाल्या आणि चहा प्यायल्या. दहा मिनिटांनी पुन्हा, "तू कोण गो?" पुन्हा तेच उत्तर, त्याच आवाजात.

निघताना दारात मी म्हटलं, "मॅडम, हे रोज?"

"दोन वर्षं झाली. रोज संध्याकाळी मीच हयातीचा दाखला देते त्यांना, माझा."

"आणि जमतं कसं तुम्हाला?"

मला वाटलं आता श्रद्धा, क्रूस, काहीतरी येईल. मॅडम म्हणाल्या, "कुठे जमतं! म्हणून तर तो रविवार मध्येच ठेवलाय ना. सगळं संपल्यावर ठेवला असता तर काय उपयोग?" आणि करंज्यांचा डबा माझ्या हातात दिला.

परतीच्या गाडीत मला जागा मिळाली नाही, त्यामुळे विचार करता आला. बसलो असतो तर झोपलो असतो.

'मध्येच ठेवलाय.' मी आमच्या घरच्या 'मग'चा हिशेब मांडू लागलो. आई बरी झाली की मग. डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलं होतं की वॉकर धरून चार पावलं टाकली तरी खूप समजा, पूर्वीसारखं होणं नाही. म्हणजे आमचा 'मग' ज्या तारखेला देय होता, ती तारीख येणारच नव्हती. आपली थकावट एक दिवस संपेल हे खरं. पण कशानं संपेल? पुलावर गाडी हळू झाली होती, खाली खाडीचं पाणी काळं दिसत होतं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर मला एकाएकी समोर दिसलं. माझा आनंद मी ज्या दिवसापर्यंत पुढे ढकलला होता, तो आई नसण्याचा दिवस होता. तिच्याबद्दलच्या मायेपोटी मी हसणं बंद केलं, आणि त्याच हिशेबानं, नकळत, तिच्या जाण्याची वाट पाहत बसलो होतो. इतकी मोठी चूक माझ्या हातून कुठल्याही लेजरमध्ये झालेली नाही.

मग आठवलं, एप्रिल २०१० पूर्वी बचत खात्यावरचं व्याज काढण्याची एक पद्धत होती. दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल, व्याज तेवढ्यावरच. एक दिवस जरी खात्यात शंभर रुपये उरले, तरी सगळा महिना शंभराचा. १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिल्लकेवर काढतात. मी आयुष्याचं व्याज अजून जुन्याच पद्धतीनं काढत होतो! दिवसातला सर्वांत वाईट क्षण, रात्री तीनचा, धरायचा आणि सबंध दिवस त्या भावानं मोजायचा. आईनं सकाळी केलेली थट्टा, धाकटीनं तिच्या खाटेवर बसून म्हटलेले पाढे, चारच्या पाळीला उठताना सौ.नं माझ्या अंगावर ओढलेलं पांघरूण, या सगळ्या जमेच्या नोंदी होत्या. मी त्या धरल्याच नव्हत्या.

आता यावर कोणी सावध वाचक म्हणेल, हे सगळं पुस्तकी नफा दाखवण्यासारखं नाही का? दुःख आहे ते आहे, वर गुलाबी रंग कशाला फासायचा? प्रश्न रास्त आहे. पण त्या कड्यात तीन मेणबत्त्या जांभळ्याच होत्या. कोणी त्या गुलाबी रंगवल्या नव्हत्या. चारांत एक, एवढंच प्रमाण; आणि ती एक जांभळ्यांना विझवून पेटवत नाहीत, त्यांच्या शेजारी पेटवतात. खोटा ताळेबंद तो, ज्यात देणं लपवलेलं असतं. पण ज्यात फक्त देणीच लिहिली आहेत, तोही खोटाच. आम्हा सावध माणसांना ही दुसरी लबाडी प्रामाणिकपणा वाटते, एवढंच.

आणि 'आनंद करा' या हुकमाचं म्हणाल, तर त्याचा अर्थ मला कडं पाहून लागला. आनंद होणं आपल्या हातात नाही हे खरं, पण मेणबत्ती लावणं आपल्या हातात आहे. 'करा' म्हणजे एवढंच करा.

घरी आलो. आईला मॅडमकडची करंजी भरवली. तिनं सावकाश चावली, कपाळाला आठ्या घातल्या आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ठणठणीत आवाजात म्हणाली, "सारण कोरडं झालंय."

सौ. आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आईनं कशाला तरी नाव ठेवलं होतं! म्हणजे माणूस जागेवर आलं.

पुढच्या रविवारी, २१ डिसेंबरला, आम्ही दिवाळी केली. आईला उशांच्या आधारानं बसवलं, मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर पाट. सौ. पाती लाटून सारण भरून देई आणि आई कातणानं कडा कापी. पहिल्या दोन वाकड्या गेल्या, तिसरीपासून हात बसला. खसखस जास्त, वेलची कमी, आच मोठी, सुनेला अक्कल बेताची: सगळे शेरे यथास्थित आले. सौ.ला त्यांचा इतका आनंद झालेला मी लग्नानंतर प्रथमच पाहिला. खुबा दुखत होताच. मध्ये मध्ये आई थांबे, ओठ आवळी, पुन्हा कातण धरी. त्या रात्री एक ते चार पाळी माझीच होती, आणि मी तितकाच थकलेला होतो. मेणबत्ती एक लावली तरी बाकीच्या जांभळ्या राहतातच.

"डिसेंबरात कोणाची दिवाळी असते रे?" आईनं विचारलं.

"थकबाकी होती," मी म्हटलं. "वसूल करतोय."

ती हसली. गालाला पीठ लागलं होतं. मग म्हणाली, "तो तुझा मोबाईल आण. ऑक्टोबरात उगीच काढलास तो दाखला. आता काढ."

दाखल्याची मुदत संपून एकवीस दिवस झाले होते. तरी मी तो काढला. डोळ्यांची उघडझाप कर म्हणून सांगावं लागलं नाही.